कर्व्याची आई आणि जाई-गौरीची आई

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कसाऱ्याला आषाढात लाइट जाणं यात सांगण्यासारखं काही नाही, पण त्या रविवारी ती सकाळी गेली ती रात्रीपर्यंत आलीच नाही. मोबाइल निपचित पडले. बाहेर पाऊस असा की समोरचा आंबा दिसेना. धाकटी खिडकीत बसून पागोळ्यांखाली ठेवलेल्या बादल्या मोजत होती. थोरली, नववीतली, माझ्या कपाटातून एक पुस्तक काढून बसली आणि थोड्या वेळाने त्यातला एक लेख मोठ्याने वाचायला लागली. इरावती कर्व्यांचा ‘परिपूर्ती’.

मी चुलीशी नव्हते, पण गॅसशी होते. कानावर येत होतं. लेख संपला तेव्हा मी नेहमीसारखी आतून थोडी हलले. थोरली मात्र पान उलटून पुन्हा मागे गेली आणि म्हणाली, “आई, ह्यांना मुली नव्हत्या?”

“होत्या की. दोन. जाई आणि गौरी.”

“मग त्या कुठेयत?”

त्या दिवशी रस्त्यावर त्या कुठे होत्या, असं तिला विचारायचं नव्हतं, हे मला कळलं. उत्तर मात्र सुचलं नाही. हा लेख मी वीसेक वर्षं वाचतेय. कल्याणच्या बाजूला एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते, तिथे त्यावर बोललेही आहे. दोन मुलींची आई असून हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मग पुढचे काही महिने जाता-येता लोकलमध्ये (कसारा ते कल्याण सव्वा तास, बसायला जागा मिळाली तर वाचायला बरा वेळ) मी तो लेख आणि त्याच्या आजूबाजूचं बरंच काही नव्याने वाचलं. हे टिपण त्यातून झालेलं आहे.

ज्यांनी लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तो १९४९ सालच्या ‘परिपूर्ती’ याच नावाच्या संग्रहात आहे. एका समारंभात लेखिकेची ओळख करून दिली जाते: महर्षी कर्व्यांच्या सूनबाई, प्राचार्य कर्व्यांच्या पत्नी. लेखिकेला वाटतं, यात काहीतरी राहिलं. काय राहिलं ते सापडत नाही. नंतर रस्त्याने जाताना शाळकरी मुलांचं टोळकं दिसतं, त्यातला एक पोरगा दुसऱ्याला हळूच दाखवतो, ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. आणि तिला कळतं की हेच राहिलं होतं. ओळख पुरी झाली.

एवढंच. चार-पाच पानांचा जीव. पण ही बाई कोण? ब्रह्मदेशात जन्मलेली, तिथल्या नदीचं नाव मिळालेली, १९२८ ते ३० या काळात बर्लिनला जाऊन मानववंशशास्त्रात डॉक्टरेट मिळवून आलेली, डेक्कन कॉलेजात शिकवणारी, देशभर हिंडून माणसांची आणि नात्यांची मोजदाद करणारी. त्यातलं अक्षर त्या ओळखीत नाही, आणि लेखिका ते राहिलं म्हणून तक्रारही करत नाही. तिला हवी असलेली गोष्ट तिसरीच निघते.

कॉलेजात पहिल्यांदा वाचला तेव्हा सरांनी तो मातृत्वाचं माहात्म्य म्हणून शिकवला होता. आम्ही दोघी-तिघी मैत्रिणी मागच्या बाकावर कुजबुजलो, अहो, हा तर उपरोध आहे. बाप, नवरा, मुलगा या तिघांच्या हाती बाईचं रक्षण सोपवणारा मनुस्मृतीतला श्लोक आम्हाला नुकताच कुठूनतरी कळला होता, आणि तो फेकून मारण्याची घाई होती. सासरा, नवरा, मुलगा असा क्रम लावून शेवटी त्याला ‘परिपूर्ती’ म्हणणारी बाई, जिने पुढे ‘युगान्त’ लिहिलं, ती हे सरळ मनाने लिहील होय? हे वाचन पुष्कळ दिवस मला पुरलं. मग थोरली झाली. बाळंतपणात माहेरी पुस्तक हाताशी होतं म्हणून पुन्हा वाचलं आणि रडूच आलं. त्यातला आनंद खोटा नाही. उपरोध असलाच तर आनंदाच्या पोटात आहे, वरून चिकटवलेला नाही. पोरं पाठीमागून बोलतात, तिला ऐकू जाईल याची त्यांना फिकीर नाही, आणि तिला ऐकू येतं, त्या क्षणी ती जी फुलते ती कोणतीही आई फुलेल. मी बाळंतीण होते. मला ते पटलं.

तिसरं वाचन थोरलीच्या प्रश्नाने करायला लावलं. या वेळी माझं लक्ष एकाच शब्दावर अडलं: कर्व्या.

आपल्याकडे शाळेत मुलगे एकमेकांना आडनावाने हाक मारतात. जोशा, पाटल्या, कर्व्या. मुलींना मात्र नावाने हाक असते. थोरलीच्या वर्गात आजही तसंच चालतं. मुलगे एकमेकांना ए वेखंडे, ए निमसे, ए भोईर. मुली एकमेकींना सानिका, तन्वी, वैष्णवी. शिक्षकांनी कितीही हजेरी घेतली तरी मधल्या सुट्टीत मुलींची आडनावं गळून पडतात. आता लेखाकडे पुन्हा बघा. ओळख करून देताना दोन कर्वे येतात, महर्षी आणि प्राचार्य. रस्त्यावर तिसरा कर्वे येतो आणि वर्तुळ मिटतं. तीन पिढ्या, एक आडनाव, आणि मधोमध ही बाई. लेखाचं सगळं वजन त्या आडनावावर आहे. समजा, त्याच रस्त्याने दोन वेण्या घातलेली एखादी मुलगी गेली असती आणि मैत्रिणीला म्हणाली असती, ती बघ, गौरीची आई. आनंद तेवढाच झाला असता. लेख मात्र उभा राहिला नसता, कारण ‘गौरी’ या शब्दात महर्षी नाहीत, प्राचार्य नाहीत. पुढे ती देशपांडे होणार, जाई निंबकर होणार. मुलीची आई म्हणवून घेण्यात फक्त मुलगी मिळते, घराणं मिळत नाही.

हे मी इरावतीबाईंच्या नावावर दोष म्हणून मांडत नाहीये. त्या पाहत होत्या ते त्यांनी लिहिलं. चारच वर्षांनी, १९५३ साली, भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ आला. कुठल्या मुलखात मुलगी किती लांब देतात, कुठे मामाच्या मुलीशी लग्न चालतं, माहेरची मुलगी आणि सासरची सून यांच्या वागण्याबोलण्यात किती अंतर असतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? मराठीत आपण लेक ‘देतो’ आणि सून ‘करून घेतो’. देण्याघेण्याची ही क्रियापदं ज्यांनी देशभर गोळा केली, त्यांच्या स्वतःच्या सर्वात गोड लेखात मुलगी नाही. हे मला चुकीपेक्षा नोंद म्हणून जास्त महत्त्वाचं वाटतं.

आमच्या वस्तीत बाईला थोरल्या पोराच्या नावाने ओळखतात. थोरली मुलगी असेल तर काही वर्षं ती अमकीची आई असते. तिच्या पाठीवर मुलगा झाला की आईचं नाव बदलतं. कोणी ठरवून बदलत नाही, आपोआप बदलतं, जसा पाऊस सुरू झाला की सगळे छत्र्या घेऊन निघतात. माझं बदललं नाही. धाकटी झाली तेव्हा बारशाला आलेल्या नात्यातल्या एक बाई मला धीर देत म्हणाल्या, असू दे, तिसऱ्या खेपेला होईल. माझ्या सासूबाई, ज्यांना सही करता येत नाही आणि ज्यांच्याशी माझं सगळ्याच बाबतीत पटतं असं नाही, त्या पानाला चुना लावता लावता म्हणाल्या, “आन् झाला मंग? कसाऱ्याचं टेसन त्याच्या नावावर करनार हायस का?” सगळ्या हसल्या. विषय तिथे मिटला. मला मात्र पुढे कितीतरी दिवस वाटायचं की हे वाक्य कोणीतरी मराठी गद्यात लिहून ठेवायला हवं होतं.

मराठी गद्यातली मुलींची आई शोधू लागलं की पहिली गाठ ‘श्यामची आई’शी पडते. आमच्या घाटाच्या वर, नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी ते पाच दिवसांत लिहिलं. बेचाळीस रात्री. त्यातल्या दुसऱ्याच रात्रीचं नाव ‘अक्काचे लग्न’. पुस्तकाने दार उघडलं की दुसऱ्या पावलाला मुलगी बोहल्यावर. त्या घरात मुलगी होती, आईने तिलाही न्हाऊमाखू घातलं असेल, दटावलं असेल, पण पुस्तकाला आई दिसते ती श्यामच्या डोळ्यांनी. अक्काने सांगितलेली आई आपल्याकडे नाही. महाभारतही याला अपवाद नाही. गांधारीला शंभर पुत्रांची माता म्हणून सगळे ओळखतात. तिला दुःशला नावाची एक मुलगी होती, हे वर्गात सांगितलं की दरवर्षी पोरं चकित होतात.

मग मुलींच्या आया गप्प होत्या का? मुळीच नाही. त्या जात्यावर होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यात राहून गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत महाराष्ट्रातल्या शेकडो गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो साठा लाखाच्या घरात जातो, आणि आता त्यातला बराचसा इंटरनेटवर ऐकायलाही मिळतो. त्यात लेकीविषयी इतकं आहे की एखाद्या भाषेने एवढं गद्यातून वगळावं कसं, याचंच नवल वाटावं. लेकीच्या जन्माचं दुःख आहे, तिच्या सासरवासाची धास्ती आहे. त्याच्या जोडीला तिची वेणी आहे, तिच्या बांगड्या आहेत, तिचं अंगणभर बागडणं आहे, तिचा रंग, तिचा राग. टीकाकार ओव्यांविषयी बोलतात तेव्हा पहिला भाग उचलतात, कारण दुःखाला वजन असतं. लेकीकडे बघून सुखावणारी बाई त्यांच्या हाती लागत नाही. पण तो साठा ऐकताना मला दोन्ही एकाच दळणात सापडतात, एकाच सुपातल्या दाण्यांसारखी.

त्यातही एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ओवीतली मायलेकींची भेट कामाच्या वेळात होते. दळताना, कांडताना, पाणी भरताना. आपण शहरी लोक ‘कुटुंबासोबतचा वेळ’ म्हणतो तो रविवारचा शोध आहे, सुट्टीच्या पगाराबरोबर आलेला. आमच्या शहापूर तालुक्याकडे बघा. मुंबईला पाणी पाजणारी तानसा आणि भातसाची धरणं इथली, आणि चैत्र-वैशाखात डोक्यावर हंडे घेऊन पाड्याकडे चढणाऱ्या मायलेकीही इथल्याच. मोठा हंडा आईच्या, छोटी कळशी मुलीच्या डोक्यावर. त्या वाटेवर त्या हसत असतात, एकमेकींच्या नकला करत असतात, हे मी पाहिलेलं आहे. त्याचं कौतुक करायला जीभ धजत नाही, कारण हंडा हंडाच असतो. तरीही त्या हसत असतात, आणि ते न लिहिणंही खोटंच ठरेल.

आता मूळ प्रश्नाकडे येते, आणि त्यासाठी मला इरावतीबाईंच्याही बालपणात जावं लागतं. त्या सात वर्षांच्या असताना त्यांना ब्रह्मदेशातून पुण्याला हुजूरपागेत शिकायला पाठवलं. तिथून रँग्लर परांजप्यांच्या पत्नीने त्यांना आपल्या घरी नेलं, स्वतःच्या मुलीच्या सोबतीला. ती मुलगी शकुंतला. वयाने बरोबरीच्या या दोघी एका छताखाली वाढल्या. इरावतीबाईंचं लग्न दिनकर कर्व्यांशी झालं. शकुंतलाबाई केंब्रिजला गणित शिकल्या, जिनिव्हात नोकरी केली, एका रशियन चित्रकाराशी लग्न केलं, १९३८ साली सई झाली, थोड्याच काळात लग्न मोडलं आणि त्या मुलीला घेऊन पुण्याला वडिलांकडे परतल्या. र. धों. कर्व्यांच्या, म्हणजे दिनकररावांच्या थोरल्या बंधूंच्या, संततिनियमनाच्या कार्यात त्या पडल्या. १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये म्हाताऱ्या नवऱ्याची शिकलेली लेक, जी आपल्याहून तरुण सावत्र आईच्या बाजूने उभी राहते, ती शकुंतलाबाईंनीच केली होती. पुढे त्या राज्यसभेतही गेल्या.

एका घरातल्या या दोन मुलींच्या आईपणाची जोडी लावून बघावीशी वाटते. एकीला ‘कर्व्याची आई’ म्हणवून घेताना पूर्ण वाटलं. दुसरीच्या मुलीला बापाचं आडनाव चिकटलंच नाही, ती सई परांजपे राहिली. इथे मुलीमागून चालत आलं ते आईच्या माहेरचं आडनाव. आठ वर्षांची असताना त्या मुलीचं ‘मुलांचा मेवा’ हे गोष्टींचं पुस्तक छापून आलं. आज ‘स्पर्श’, ‘कथा’, ‘चश्मेबद्दूर’ पाहिलेला माणूस शकुंतलाबाईंची ओळख करून देताना काय म्हणतो? सई परांजप्यांची आई. खासदार, पद्मभूषण, गणिती, हे सगळं नंतर. म्हणजे मुलीच्या नावानेही आईची ओळख पुरी होऊ शकते, पण त्यासाठी मुलीला आधी स्वतःच्या नावाने उभं राहावं लागतं. मुलाला वर्गात नुसतं बसलं तरी पुरतं. कर्व्याने काही पराक्रम केला नव्हता. तो फक्त वर्गात होता. (पुढे आनंद कर्वे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले, पण त्या पोरांना ते कुठे ठाऊक होतं.) हा फरक मला टोचतो. माझ्या मुलींनी काहीही न करता, नुसतं वर्गात बसून, मला पुरं करावं, असं मला वाटतं. तेवढा हक्क प्रत्येक आईला असावा.

इरावतीबाई १९७० साली गेल्या. धाकट्या मुलीचं, गौरी देशपांडेंचं, मराठी कथालेखन त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत बहरलं: ‘एकेक पान गळावया’, ‘तेरुओ’, ‘दुस्तर हा घाट’, ‘मुक्काम’. थोरल्या जाई निंबकर फलटणला राहून इंग्रजीत कादंबऱ्या लिहीत होत्या. थोरलीच्या ‘त्या कुठेयत’ या प्रश्नाचं एक उत्तर मी असं देईन की त्या लिहायला बसल्या होत्या. गौरीबाईंच्या बायकांविषयी बोलताना सगळे त्यांच्या प्रेमप्रकरणांविषयी बोलतात, फार तर स्वातंत्र्याविषयी. मला त्यांच्याकडच्या आया जास्त नव्या वाटल्या. ‘चंद्रिके ग, सारिके ग’ हे नावच घ्या. ते मला नेहमी हाकेसारखं ऐकू येतं, अंधार पडल्यावर पोरींना घरात बोलावणाऱ्या बाईचं. या आया मुलींवर जीव टाकतात, त्यांच्याशी भांडतात, त्यांच्यापाशी चुकतात आणि ती चूक मोठेपणाने झाकत नाहीत. पाठवणीचं रडणं त्यांच्यात सहसा नसतं. पुष्कळदा मुलीच्या आधी आईच घराबाहेर पडलेली असते. आणि मुली उलटून बोलतात. ‘परिपूर्ती’तला मुलगा एक शब्द बोलत नाही, तो तर त्या रस्त्यावरही नाही. गौरीबाईंकडे मुलीला गप्प बसणं जमतच नाही.

मराठी समीक्षेने आई आणि मुलीची ही दोन लेखनं शेजारी ठेवून पुरेशी वाचली आहेत असं मला वाटत नाही. इरावतीबाई ललित निबंधाच्या प्रकरणात असतात, गौरीबाई स्त्रीवादी कथेच्या. मधली भिंत अभ्यासक्रमाची आहे. ती काढली की दिसतं की आईने जो आनंद आडनावाच्या नाण्यात मोजला होता, तो मुलीने सुटा करून घेतला. २०२४ साली तर नातीनेही भर घातली. गौरीबाईंच्या कन्या उर्मिला देशपांडे यांनी थियागो पिंतो बार्बोसा या अभ्यासकाबरोबर इंग्रजीत आजीचं चरित्र लिहिलं. त्याचं नाव ‘इरू’, घरातलं लाडकं नाव. म्हणजे कर्व्यांच्या घरातली एक साखळी मुलीकडून मुलीकडे आली आणि तिने आडनाव बाजूला ठेवून पहिल्या नावाने हाक मारली.

मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरीच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी बसतात. शिकवायला गावातलीच एक सून. आज्यांचा गृहपाठ घरी नातवंडं घेतात. वर्तमानपत्रांनी याची गोड बातमी केली, फोटो जगभर गेले. मला त्यातला सहीचा भाग सगळ्यात मोठा वाटतो. अंगठ्याच्या जागी नाव. पण मराठी बाईची सही म्हणजे तरी काय? स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग त्याचं आडनाव. तिथेही ती दोन पुरुषांच्या कुंपणात उभीच असते. आपल्या राज्याने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव सक्तीचं केलं: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. माझ्या दोघी त्याआधीच्या, त्यांना ते लागू नाही. तरी धाकटीने वहीवर स्वतःचं नाव तसं लिहून पाहिलं आणि तक्रार केली की आता नाव स्टिकरमध्ये मावत नाही.

पावसाच्या तोंडाशी आमच्या लोकलच्या बायकांच्या डब्यात खर्डी-कसाऱ्याच्या ठाकर आणि कातकरी बायका शेवळं आणि काकडं घेऊन चढतात, मे महिन्यात करवंदं नि जांभळं. कल्याणच्या बाजारात विकून संध्याकाळी परततात. एका बाईबरोबर नेहमी तिची दहा-अकरा वर्षांची मुलगी असते. हिशोब सगळा तिच्याकडे. एकदा मी शंभराची नोट दिली, तर आईने ती न बघताच मुलीकडे सरकवली. मी म्हटलं, हुशार आहे हो तुमची. बाई म्हणाली, “माझी वहीच हाय ती.” शाळेचं विचारलं तर मुलीने खिडकीबाहेर पाहिलं. मीही पुढे विचारलं नाही. या वाक्यातला अभिमान आणि त्या बाहेर पाहण्यातलं जे काही होतं ते, दोन्ही एकदम पेलणारं मराठी गद्य मला वाचायचं आहे. नुसता अभिमान लिहिणारे खूप आहेत, आणि नुसतं दुसरं लिहिणारेही.

आणि नुसती मजाही हवी आहे. हे लिहायला मला थोडा संकोच वाटतो, कारण आपल्याकडे आईने मुलींबरोबर मजा केली असं लिहिणं हलकं समजतात. आईचं लेखन म्हणजे कष्ट, त्याग किंवा पाठवणी. माझ्या दोघींबरोबरचा आमचा ठरलेला उद्योग म्हणजे रविवारी संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बँकर बघणं. नाशिककडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कसाऱ्याला थांबतात, कारण पुढे इगतपुरीपर्यंत सदतिसाला एक असा चढ आहे. मागून जादा इंजिनं लागली तरच गाडी घाट चढते. ती इंजिनं हळूहळू मागे येतात, डब्याला टेकतात, एक धक्का बसतो, आणि आतले अनोळखी लोक दचकून खिडकीतून डोकावतात. त्या दचकण्यासाठी आम्ही जातो. धाकटी कोण किती दचकलं याचे गुण देते. थोरली आता मोठी झाल्यामुळे आपण फक्त वडापावसाठी येतो असं सांगते. यातून मुलींवर कोणताही संस्कार होत नाही. मला त्यांच्या लग्नाची आठवणही होत नाही. तासभर आम्ही तिघी दुसऱ्यांच्या दचकण्यावर हसतो आणि परत येतो.

‘परिपूर्ती’वर वर्गात पुन्हा बोलायची वेळ आली तर मी हे सगळं सांगेन का, माहीत नाही. लेख तसा लहान आहे, त्याच्यावर एवढं ओझं घालणं बरं नव्हे. अजूनही तो मला आवडतो. शेवटाशी मी अजूनही हलते.

थोरलीने मला उत्तर पुन्हा विचारलं नाही. परवा पुस्तक उघडलं तर लेखाच्या शेवटाशी, समासात, पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं. कुठूनतरी जन्मसालं शोधून तिने १९४९ मधून वजाबाकी केली होती: जाई १७, गौरी ७. पुस्तकात लिहायचं नाही म्हणून मी तिच्यावर ओरडले. ते खोडायला गेले तेव्हा खाली आणखी एक ओळ सापडली, वेगळ्या, मोठ्या अक्षरात. धाकटीने स्वतःचं नाव आणि वय लिहून ठेवलं होतं. ९.